मागच्या दारचा झटका: एसी, अर्थिंग आणि जांभ्याची जमीन

गुहागर तालुक्यातलं समुद्राकाठचं एक गाव. घर जुनं, चिरेबंदी, वर मंगलोरी कौलं. पुढे ओटी, मागे पडवी, पडवीखाली नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीत विहीर. घरात काका-काकू दोघंच, मुलगा-सून डोंबिवलीला. एप्रिलात मुलानं माजघराला लागून असलेल्या खोलीत दीड टनाचा स्प्लिट एसी बसवून घेतला. मे महिन्यात नातवंडं येतात आणि कोकणातला मे आता नुसत्या पंख्यावर निघत नाही. जुलैच्या सुरुवातीला मला मुलाचा फोन आला तो असा: "आईचा हात बाहेरच्या युनिटला लागला की मुंग्या येतात. फिटर म्हणतो मशीन ओके आहे, वायरमन म्हणतो अर्थिंग ओके आहे. मग झटका येतो कुठून?"

दोघंही खोटं बोलत नव्हते. मशीन खरंच ठीक होतं आणि घराला अर्थिंगही होतं. तरी काकूंच्या जिवाला धोका होता, आणि तोही साधासुधा नव्हे. या घरात जे सापडलं ते किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत जवळपास तसंच सापडेल, म्हणून सगळं सविस्तर मांडतो.

आधी काय काय घडलं

कंपनीच्या फिटरचं काम ठरलेलं असतं: आतलं युनिट भिंतीवर चढवायचं, तांब्याच्या नळ्या जोडायच्या, व्हॅक्यूम करायचं, गॅस सोडायचा, रिमोट हातात द्यायचा. "पॉइंट तुमचा तुम्ही काढून ठेवा," हे तो फोनवरच सांगतो. म्हणून गावातला वायरमन आला. मेन बोर्ड ओटीवर, एसीची खोली मागच्या बाजूला. मधे २४-२५ मीटर अंतर. नवी वायर ओढायची तर माळा उपसायला हवा, वर वायरचा खर्च. उलट खोलीच्या भिंतीपलीकडे पडवीत पंपाचा बोर्ड तयारच होता. त्या बोर्डापर्यंत जुनी दीड एमएमची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर माळ्यावरून आलेली. वायरमननं तिथूनच पॉइंट काढला. फिटर दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता, त्यामुळे कोणी जास्त खोलात गेलं नाही.

बाहेरच्या युनिटची अडचण वेगळी. भिंत जांभ्याची. जांभ्यात फास्टनर ठोकला की चिऱ्याचा भुगा बाहेर येतो आणि बोल्ट जागच्या जागी फिरत राहतो. पंचवीस-तीस किलोचं, दिवसरात्र थरथरणारं धूड अशा भिंतीला टांगायला फिटरनं नकार दिला, आणि ते अगदी बरोबर केलं. मग लोखंडी अँगलचं स्टँड करून आणलं आणि त्याचे पाय मागच्या दारी फूटभर मातीत गाडले. हे स्टँड लक्षात ठेवा, पुढे सगळा उलगडा त्याच्यावरच होतो.

मे महिन्यात संध्याकाळी एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच) पडायला लागला. एसी चालू, त्यात काकांनी वाडीला पाणी सोडायला पंप लावला की दहा-पंधरा मिनिटांत सगळं बंद. नातवंडं हैराण. वायरमननं १६ अँपिअरचा एमसीबी काढून ३२ चा बसवला. पडणं थांबलं.

जूनमध्ये पाऊस लागला आणि आता आरसीसीबी पडायला लागला. (वीज कुठे गळतेय असं दिसलं की लाईन तोडणारा स्विच; गावात त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात.) तो मुलानंच दोन वर्षांपूर्वी हट्टानं बसवून घेतला होता, ३० मिलिअँपिअरचा, चांगल्या प्रतीचा. दिवसा टिकायचा, दिवेलागणीनंतर पडायचा. उचलला की पुन्हा पडायचा. फ्रिज बंद, दूध नासलं, काकू वैतागल्या. "पावसाळ्यात ओल येते, ईएलसीबी उगाच पडतो," असं ठरलं आणि त्याला बायपास केलं. त्यानंतर आठवडाभरात मुंग्या सुरू झाल्या.

हा क्रम नीट बघितला तर दिसेल की प्रत्येक वेळी काहीतरी बंद पडत होतं ते घराला सावध करायला, आणि प्रत्येक वेळी आपण सावध करणाऱ्यालाच गप्प बसवलं.

संध्याकाळचा झटका

काकूंना विचारलं, मुंग्या कधी येतात? "संध्याकाळीच हो. दुपारी कपडे वाळत घालताना तिथेच असते मी, तेव्हा काही नाही." आणि एसी बंद असला तरी? "बंद असला तरी येतात."

या दोन उत्तरांनी मशीन जवळजवळ निर्दोष सुटलं. कॉम्प्रेसरमधून गळती असती तर एसी चालू असतानाच झटका बसला असता, दुपारी काय नि संध्याकाळी काय. गावातले दिवे, टीव्ही, पंप, पंखे लागले की जो झटका जागा होतो त्याचं मूळ घराबाहेर, लाईनवर असतं.

आउटडोअरच्या बॉडीवरचा रंग जरा खरवडून मीटरची एक पिन तिथे लावली आणि दुसरी सात-आठ पावलांवर ओल्या जमिनीत खुपसलेल्या सळईला. दुपारी जेमतेम १ व्होल्ट. संध्याकाळी साडेसातला १९ व्होल्ट. मग पडवीतल्या बोर्डावर न्यूट्रल आणि तीच सळई यांच्यात मोजलं. तिथेही १९. म्हणजे एसीच्या बॉडीवर फेज नव्हता, न्यूट्रल होता.

वाचकांपैकी पुष्कळांना वाटेल, न्यूट्रलला काय होतंय, न्यूट्रल म्हणजे शून्य. डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, तो शून्याच्या जवळ असतो, कारण तिथे तो जमिनीला जोडलेला असतो. पण डीपीपासून लांब, लाईनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरात न्यूट्रलच्या तारेतूनही सगळ्या वस्तीचा प्रवाह परत जात असतो. तार लांब, खांबावरचे जॉइंट खाऱ्या हवेनं खाल्लेले, त्यात तिन्ही फेजवरचा लोड सारखा नाही. मग न्यूट्रल जमिनीपासून दहा, पंधरा, वीस व्होल्ट वर उचलला जातो. त्या घरात संध्याकाळी फेज-न्यूट्रलमध्ये १७५ व्होल्ट मिळत होते, त्यावरूनच लाईनची हालत कळते.

प्रश्न उरला एवढाच की न्यूट्रल एसीच्या पत्र्यावर पोचला कसा.

बोटाच्या पेराएवढी वायर

पंपाच्या बोर्डावरचा सॉकेट उघडला. तीन पिनांचा, जुना. वरच्या जाड पिनेला मेन बोर्डाकडून आलेली हिरवी वायर असायला हवी होती. ती नव्हतीच. मूळ पंपाला दोनच वायरी आल्या होत्या. अर्थिंग पडवीपर्यंत कधी पोचलंच नव्हतं. त्याऐवजी न्यूट्रलच्या स्क्रूपासून जाड पिनेपर्यंत बोटाच्या पेराएवढा लाल वायरचा तुकडा वळवून लावला होता.

वायरमनला बोलावून घेतलं. पोरगा हुशार, हात साफ, जॉइंट नीट वळवणारा. तो म्हणाला, "सर, फिटर अर्थ दाखवल्याशिवाय मशीन चालू करत नव्हता. काका म्हणाले आजच पाहिजे. मी न्यूट्रलवरून अर्थ दिला. फिटरनं मीटर लावून बघितलं, ओके म्हणाला."

फिटरनं काय बघितलं तेही समजून घेण्यासारखं आहे. फेज आणि अर्थ यांच्यात पूर्ण व्होल्टेज दाखवलं, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात शून्य दाखवलं. नियमावलीप्रमाणे दोन्ही "बरोबर". पण खऱ्या अर्थिंगवर, घरात लोड चालू असताना, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एखाद-दुसरा व्होल्ट तरी दिसतोच. घरातल्या वायरीत तेवढा उतरतोच. लोड चालू असून मीटर अगदी ठार शून्य दाखवत असेल तर खूश होऊ नये. सॉकेट उघडून बघावं. बहुतेक वेळा आत असा तुकडा निघतो.

त्या तुकड्यामुळे न्यूट्रल प्लगच्या जाड पिनेतून आतल्या युनिटच्या बॉडीवर, तिथून चार कोअरच्या केबलमधल्या हिरव्या वायरीनं (आणि तांब्याच्या नळ्यांनीसुद्धा, त्याही वीज वाहतात, हे लोक विसरतात) बाहेरच्या युनिटवर, आणि युनिटवरून लोखंडी स्टँडमधून मातीत. घरचा न्यूट्रल मागच्या दारी जमिनीत उतरला होता.

आता आरसीसीबीचं वागणं उलगडतं. आरसीसीबी एकच हिशेब करतो: फेजनं जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलनं परत आला का. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत जायच्या आत तो तोडतो. मे महिन्यात जांभ्याची माती कोरडी ठणठणीत, स्टँडचा आणि जमिनीचा संबंध नावापुरता. गळती थोडी, आरसीसीबी शांत. पावसात माती भिजली, गाडलेले पाय जमिनीला घट्ट लागले. स्टँडचा जमिनीशी रोध साधारण ६० ओहम भरला. १९ व्होल्ट भागिले ६०, म्हणजे ३०० मिलिअँपिअरच्या वर. आरसीसीबीनं पडायचं नाही तर काय करायचं?

हे कागदावरचं गणित वाटू नये म्हणून घरच्यांसमोर करून दाखवलं. मेन बोर्डावर फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र क्लॅम्प मीटरच्या जबड्यात धरल्या. सगळं नीट असेल तर दोघांचा प्रवाह एकमेकांना काटतो आणि मीटर शून्याजवळ राहतो. मीटरवर ३१० मिलिअँपिअर. मेन बंद करून तो लाल तुकडा कापला, मेन पुन्हा चालू केलं: ४ मिलिअँपिअर. एवढी किरकोळ गळती फ्रिज, टीव्ही मिळून कुठल्याही घरात असतेच. काका म्हणाले, "म्हणजे तो बिचारा खरं बोलत होता." आरसीसीबीबद्दल बोलत होते.

बायपासही बघण्यासारखा होता. आरसीसीबी बोर्डातून काढला नव्हता, वरच्या आणि खालच्या वायरी आतल्या आत जोडून टाकल्या होत्या. बाहेरून बघणाऱ्याला संरक्षण जागेवर दिसतं. टेस्टचं बटण दाबलं. लिव्हर टक्कन खाली पडलं आणि डोक्यावरचा पंखा फिरतच राहिला.

मुंग्यांवर भागलं, हे नशीब

१९ व्होल्टांनी सहसा माणूस मरत नाही. धोका पुढे होता. खांबावर न्यूट्रलचा जॉइंट सुटला किंवा सर्व्हिस वायरचा न्यूट्रल तुटला तर काय झालं असतं ते बघू. किनाऱ्यावर हे वाऱ्या-पावसात दरसाल घडतं. निसर्ग वादळानंतर २०२० च्या जूनमध्ये आणि तौक्तेनंतर २०२१ च्या मेमध्ये अशा अर्धवट तुटलेल्या लाईनी ज्यांनी बघितल्या त्यांना वेगळं सांगायला नको. न्यूट्रल तुटला की घरातली उपकरणं बंद पडतात. पण फेज चालूच असतो. तो चालू असलेल्या फ्रिजमधून, पंख्यामधून घरातल्या न्यूट्रलवर येतो, त्याला परत जायला वाट नसते, आणि या घरात ती वाट त्या लाल तुकड्यानं करून दिली होती: एसीचा पत्रा. लाईट गेली असं समजून काकू अंधारात मागच्या दारी कपडे काढायला गेल्या असत्या, अनवाणी, ओल्या मातीत, आणि युनिटच्या पत्र्यावर जीव घेण्याइतके व्होल्ट असू शकले असते.

एमसीबी पडला असता का? स्टँडमधून जमिनीत गेले असते फार तर २३० भागिले ६०, म्हणजे चारएक अँपिअर. ३२ सोडा, १६ चा एमसीबीसुद्धा त्याकडे ढुंकून बघत नाही.

आणि घराचं मूळ अर्थिंग पडवीपर्यंत नीट आणलं असतं तर? इथे वायरमनचा मुद्दा ऐकण्यासारखा होता. "अर्थिंग चांगलं आहे सर. फेज-अर्थवर शंभरचा बल्ब लावून बघितला, झक्क पेटतो." गावोगाव हीच परीक्षा चालते. पण शंभरच्या बल्बचा स्वतःचा रोध पेटल्यावर ५२९ ओहम. त्या घराचं अर्थिंग अर्थ टेस्टरनं मोजलं ते भर पावसाळ्यात ४८ ओहम आलं. २३० पैकी २११ व्होल्ट बल्बला मिळतात, तो झक्क पेटणारच. तेच ४८ ओहम फॉल्टच्या वेळी पाच अँपिअरसुद्धा जमिनीत जाऊ देत नाहीत. सी प्रकारचा १६ चा एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. तेव्हा बल्बनं एवढंच कळतं की वायर कुठेतरी जमिनीला लागली आहे.

४८ का, तेही खणून बघितलं. ओटीसमोरचा खड्डा. आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे जमिनीत पुरायचा पाईप (पाईप इलेक्ट्रोड) निदान अडीच मीटर खोल जायला हवा. इथे तीन फुटांवर कातळ लागला आणि काम तिथेच थांबलं. मीठ-कोळसा भरला होता, पण मीठ कधीच पावसानं वाहून गेलं. जांभा पावसात पाणी पितो आणि पाऊस संपला की तितक्याच लवकर सोडून देतो. त्यामुळे कोकणातलं अर्थिंग ऑगस्टमध्ये मोजलं तर लबाड आकडा मिळतो. मोजावं ते मे महिन्यात. हाच खड्डा मी पुढच्या मेमध्ये मुद्दाम मोजला: १३० ओहम.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जांभ्याच्या जमिनीवर एमसीबी आणि अर्थिंग या दोघांच्या भरवशावर एसी लावू नये. आरसीसीबी हवाच. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला काम करायला उत्तम अर्थिंग लागत नाही. बॉडीवर ५० व्होल्ट चढायच्या आत तोडायचं तर १६०० ओहमसुद्धा चालतात, असा साधा भागाकार आहे. जिथे मातीच साथ देत नाही तिथे याच्यासारखा सोबती नाही. अर्थिंग चांगलं करू नये असा याचा अर्थ नव्हे. अर्थिंग असेल तर आरसीसीबी दोष झाल्या झाल्या तोडतो. नसेल तर कोणाचा तरी हात लागेपर्यंत थांबतो.

प्लगची गोष्ट

झटक्याच्या शोधात दुसरं एक दुखणं हाती लागलं. स्टॅबिलायझरचा १६ अँपिअरचा प्लग सॉकेटातून काढताना चिकटल्यासारखा निघाला. फेजची पिन काळी, भोवतालचं प्लॅस्टिक पिवळं पडून सुरकुतलेलं, जळक्या बेकलाइटचा तो ओळखीचा आंबूस वास. सॉकेटच्या मागचा स्क्रू पेचकस लावायच्या आधीच नुसत्या बोटानं अर्धा फेरा फिरला. वायरीच्या तारांवर हिरवट कीट.

दीड टनाच्या साध्या एसीला २३० व्होल्टवर सात-आठ अँपिअर लागतात. पण लाईनवर १७५ व्होल्ट असतील तर स्टॅबिलायझर एसीला पुरेसं व्होल्टेज देतो ते लाईनकडून जास्त प्रवाह ओढून. त्या घरात तो साडेदहाच्या वर जात होता. वर पंपाचे आठ-नऊ. म्हणजे १६ चा एमसीबी संध्याकाळी पडत होता तो हिशेबानंच. त्याच्या जागी ३२ आणला तेव्हा दीड एमएमच्या वायरीचा राखणदारच गेला. एमसीबी एसी सांभाळायला नसतो, भिंतीतली वायर सांभाळायला असतो. त्याचा आकडा वायरीवरून ठरतो, घरच्यांच्या वैतागावरून नव्हे.

तरी आग लागली असती ती वायरीच्या मधोमध नव्हे, त्या ढिल्या स्क्रूपाशी. सैल, कीट चढलेल्या जोडात पाव ओहम रोध आला आणि त्यातून दहा अँपिअर गेले की तिथे २५ वॉट उष्णता तयार होते. २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न सॉकेटात कोंबून रात्रभर चालू ठेवल्यासारखं आहे ते. वर माळ्यावर सुकं गवत आणि जुनी लाकडं.

दुरुस्ती

आधी एसी आणि पंपाचा बोर्ड दोन्ही बंद ठेवायला सांगितलं, आरसीसीबीचा बायपास काढला. तेवढ्यानं जीव वाचवायचं काम झालं. बाकीचं सवडीनं.

ओटीवरच्या मेन बोर्डातून एसीसाठी स्वतंत्र लाईन ओढली. फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही चार एमएम तांब्याच्या. नुसत्या प्रवाहाला अडीचची पुरली असती. पण अंतर लांब, व्होल्टेज आधीच कमी, माळा मेमध्ये भट्टी होतो, आणि एकदा माळा उपसल्यावर थोड्या पैशांसाठी हात आखडणं मला पटत नाही. या लाईनला २० अँपिअरचा डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, सी प्रकारचा, आणि तिचा स्वतःचा वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. वेगळा अशासाठी की एसीत काही झालं तर फ्रिज बंद पडू नये. फ्रिज बंद पडला की पुन्हा कोणीतरी बायपास करतं, हा अनुभव सगळीकडचा. आरसीसीबी घेताना दोन गोष्टी बघितल्या. इन्व्हर्टर एसी पुढे-मागे येणारच, त्याच्या गळतीत डीसीचा अंश असतो, म्हणून टाइप ए. दुसरं, तो आतून इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारा नको. न्यूट्रल तुटला की त्याचीच वीज जाते आणि नेमक्या गरजेच्या वेळी तो झोपतो. इलेक्ट्रोमॅग्नेटिक घ्यावा.

खोलीत प्लग ठेवलाच नाही. पॉलिकार्बोनेटच्या बंद बॉक्समध्ये डबल पोल स्विच, आणि तिथून वायर लग (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) लावून थेट स्टॅबिलायझरच्या टर्मिनलवर. पत्र्याचा मेटलक्लॅड बॉक्स पुण्या-नाशिकला उत्तम. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर दोन-तीन पावसाळ्यांत त्याची चाळण होते. बाहेरची केबल खालून आत जाईल अशी वळवली आणि आत शिरायच्या आधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे कौलांवरचं पाणी वायरीवरून ओघळत टर्मिनलपर्यंत जाणार नाही. मधे जॉइंट एकही नाही. टेप गुंडाळलेला जॉइंट कोकणातल्या पावसात टिकतो असं मानणारे लोक अजून आहेत. त्यांनी एकदा ऑगस्टमध्ये टेप सोडून बघावी.

अर्थिंगसाठी ओटीसमोरचा कातळ सोडून दिला. खाली वाडी होती. माती पुळणीची, रेताड, आणि पोफळींना शिंपण असल्यामुळे मेमध्येसुद्धा पाटाची कड ओली असते. तिथे अर्धा मीटर खोल चर खणून १५ मीटर जस्त चढवलेली जाड लोखंडी पट्टी आडवी पुरली. कातळ लागतो तिथे खोल जाण्याचा हट्ट सोडून असं आडवं पसरावं, याची सोय आयएस ३०४३ मध्येच आहे. काकांना काळजी पोफळीच्या मुळांची होती. पाट आणि ओळ यांच्या मधून चर नेला. जुलैत ६ ओहम, पुढच्या मेमध्ये ९. ९ ओहमवरही फॉल्ट झाला तर पंचवीसएक अँपिअर जातील, २० चा एमसीबी ते कित्येक मिनिटं सहन करेल. म्हणून आरसीसीबीची गरज तसूभरही कमी होत नाही.

नवं अर्थिंग मिळाल्यावर स्टँडलाही पट्टीनं अर्थ जोडला आणि त्याचे पाय मातीतून काढून सिमेंटच्या चौथऱ्यावर घेतले. जमिनीतला लोखंडी पाय असाही दोन वर्षांत कुजला असता.

वीज कंपनीकडे दोन अर्ज गेले: मंजूर भार वाढवून मिळावा, आणि खांबावरचा न्यूट्रलचा जॉइंट तपासावा. पहिला लवकर झाला. जॉइंट बदलायला लाईनमन गणपतीच्या आधी आला. त्यानंतर संध्याकाळचे १९ व्होल्ट ७ वर आले.

फिटर, वायरमन आणि मालक यांच्यात दोष कोणाचा, यावर घरात बरीच चर्चा झाली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम सांगतात की अशी कामं परवानाधारक ठेकेदारामार्फत, परवाना असलेल्या माणसांच्या हातून व्हावीत. कायद्यानं उत्तर सोपं आहे. व्यवहारात, फिटरला पॉइंट तपासायचे पैसे मिळत नाहीत, वायरमनकडे टेस्टर आणि बल्बखेरीज साधन नसतं, आणि मालकाला नातवंडं यायच्या आत थंड खोली हवी असते. वायरमनला मी माझा जुना क्लॅम्प मीटर दिला, फेज-न्यूट्रल एकत्र धरून गळती कशी बघायची ते दाखवलं. नंतर त्याचाच फोन आला: शेजारच्या गावातल्या एका होमस्टेत त्याला तसाच लाल तुकडा सापडला होता, गिझरच्या सॉकेटात.

या घरात एक काम राहिलं आहे. पंप अजून जुन्या दोन वायरींवर चालतो. त्याच्या बॉडीला तूर्त वाडीतल्या पट्टीवरून अर्थ दिला आहे आणि एमसीबी परत १६ चा केला आहे. लाईन मात्र बदलायलाच हवी. दिवाळीनंतर विहिरीवरचं शेड बांधायचं आहे, तेव्हा तेही उरकू असं काकांशी ठरलं आहे. तोपर्यंत काकू महिन्यातून एकदा दोन्ही आरसीसीबींची टेस्ट बटणं दाबतात. पंखा थांबला का ते बघतात आणि मगच लिव्हर वर करतात.